बकरीचं कार्ड
शिक्षकांच्या प्रशिक्षणात आज नवी वाचनकार्डं वाटताना लॅमिनेशनचा गरम वास आला आणि मला शेंद्र्यातलं एक पत्र्याचं घर आठवलं. तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होते. तपासणी तोंडावर आली होती, मी थकले होते, म्हणून महिनाभर तिसरीच्या वर्गाकडून बकरीच्या गोष्टीचं एकच कार्ड घोकून घेतलं. तपासणीला आलेल्या साहेबांपुढं एका मुलीनं ते न अडखळता वाचलं, आणि हे सांगायला मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई नुकतीच कंपनीतून आली होती. तिला अक्षरओळख नव्हती. “लई बरं झालं, मॅडम,” म्हणत तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून पोरीला दिला. “आज कंपनीनं दिलाय. वाच गं, काय म्हणत्यात?” मुलीनं कागद मांडीवर पसरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, “एक होती बकरी. ती रानात गेली.” आई हसली. “कंपनी बकरीचं कशाला लिव्हंल, मॅडम?” कागदात होतं, उद्यापासून कामावर येऊ नये. ते मला वाचून दाखवावं लागलं. आज कार्डं वाटून झाली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दमलेल्या बाईंनी हळूच विचारलं, “मॅडम, तपासणीला यातलंच येणार ना?”