चित्रातलं उसळतं पाखरू

निजामाच्या राज्यात, लग्नानंतरची काही वर्षं आम्ही अंबडला होतो. शेजारी एक आपा राहायच्या. त्यांच्या बैठकीत आजोबांच्या वेळचं एक मोठं चित्र टांगलेलं होतं. तळं, काठाला उंच गवत आणि जिकडेतिकडे रानपाखरं. दुपारी कामं उरकली की आम्ही दोघी त्यासमोर बसून एकेक पाखरू ओळखायचो. दोघीही खेड्यातच वाढलेल्या. त्या नीलकंठ म्हणायच्या, मी चास म्हणायची, पाखरू एकच. चितारी भारी नजरेचा होता. कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या पाखराची लांबलचक बोटंसुद्धा त्यानं बराबर काढली होती.

एक पाखरू मात्र अडलं. अंग काळं, पंखावर पांढरं, डोक्यामागं केसांसारखी वळलेली पिसं. ते उडत नव्हतं, बसलेलंही नव्हतं. गवताच्या वर नुसतंच अधांतरी, पाय लोंबकळत.

"हे त्यानं मनचं काढलं असंल," आपा म्हणाल्या.

"बाकीची सगळी खरी, मंग हे एकच खोटं कसं?"

त्या श्रावणात आपा मामांच्या गावी निघाल्या आणि सोबत मलाही घेतलं. पडदा लावलेला छकडा गायरानातून चालला होता. मी फटीतून बाहेर बघत होते. बेडूक ओरडावा तसा आवाज आला, आणि गवतातून एक काळं पाखरू सरळ वर उसळलं. पंख फडफडले, मान मागं गेली आणि ते दगडासारखं खाली पडलं.

मी आपांचा दंड घट्ट धरला. "आपा, ते चित्रातलं."

"कुठंय?"

"तिकडं बघा. पुन्हा येईल."

आलं. गाडी थांबवायला सांगून आपांनी पडदाच बाजूला सारला. पाखरू उसळायचं, गवतात बुडायचं, पुन्हा उसळायचं. आपा हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तनमोर हाय तो. मादीला दिसावं म्हणून बरसातीत नर अशा उड्या मारतो. गोश्त लई चवदार."

"मामू, त्याला मारायचं न्हाई," आपा म्हणाल्या. आवाज असा होता की मामांनी पान लावायचं थांबवलं.

"बरं, या साली न्हाई मारत."

परत आल्यावर आपांनी बुरखासुद्धा उतरवला नाही. दोघी थेट चित्रापुढं. पंखावरचं पांढरं, मागं गेलेली मान, सगळं तसंच्या तसं.

"गवतात किती वेळ बसला असंल हा माणूस," मी म्हणाले.

"आपल्याला तर छकडा होता," आपा म्हणाल्या, आणि चित्राच्या कोपऱ्यातल्या दोन भुऱ्या पाखरांवर बोट ठेवलं. "आता हे सांग. लावा हायेत."

"बिलकुल न्हाई. चंडोल."

तो वाद दिवाळीपर्यंत पुरला.