खाली बसवलेल्या खिडक्या

केंद्राच्या अनुदानाचे अर्ज औरंगाबादच्या आमच्या कचेरीत माझ्या टेबलावर येत. एकदा चितेगावकडचे एक गवंडी बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी आले. शाळा काढणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तेच होते आणि इमारतही त्यांना स्वतःच बांधायची होती. बोलताना त्यांचे हात हवेत विटा रचत.

मी नियम सांगितला, "पदाधिकाऱ्याला बांधकामाचं कंत्राट घेता येत नाही. निविदा काढावी लागेल."

"मग अध्यक्षपद सोडतो, साहेब," ते म्हणाले. "माझी लेक बहिरी. शाळेपायी लहानपणीच पुण्याला धाडली. तिथं हातानं बोलाया शिकली, अन् सुट्टीत घरी आली की तिचं बोलणं आम्हाला कळंना. आता ती तिकडचीच झाली. इथली शाळा तरी माझ्या हातानं व्हावी."

त्यांनी राजीनामा दिला, पण कंत्राट दुसऱ्यालाच मिळालं.

पाहणीला गेलो तेव्हा ते त्याच कंत्राटदाराकडे रोजंदारीवर गिलावा करत होते. त्याच्याशी भांडून त्यांनी खिडक्या गुडघ्याइतक्या खाली घेतल्या होत्या. मी कारण विचारलं.

"न्यायला आलेल्याची हाक पोरांना ऐकू येत नाय. बसल्या जागी रस्ता दिसाया पाहिजे. माझी लेक स्टुलावर चढून वाट बघायची, पुण्याच्या शाळेतल्या बाई सांगायच्या."

थापी हातातच राहिली. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.