डावीकडचं बोलत जा

लर्निंग लायसन्स हातात आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि कल्याणच्या आमच्या अख्ख्या चाळीत मीच काय ती शहाणी, असं माझं ठाम मत होतं. नियम असा की पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी बसल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. आमच्याकडे असा माणूस एकच, बाबा. वीस-बावीस वर्षं ते डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस चालवत होते. पुठ्ठ्यावर लाल रंगाने ‘एल’ त्यांनीच काढला, शेजारच्या काकांची जुनी फियाट मागून आणली, आणि दर रविवारी सकाळी आम्ही मुरबाड रोडला जायला लागलो.

शिकवताना बाबा कधी ओरडले नाहीत. आमटीत मीठ जास्त पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस, मी तीनदा गाडी बंद पाडली तरी म्हणायचा, “घाई नाही. परत चालू कर.” हट्ट एकच: “डावीकडे काय दिसतं ते मोठ्याने बोलत जा.” मग माझी बडबड सुरू. सायकलवाला, पानटपरी, रस्त्याकडेला उभी आजी. ही शिकवायची खास पद्धत असणार असं समजून मी कॉलेजात मैत्रिणींपुढे फुशारक्याही मारल्या.

एका रविवारी क्लचवरून त्यांनी मला दोनदा टोकलं. राग माझ्या नाकावर कायमचाच. मी तोंड मिटून घेतलं. वरप गावाच्या पुढे डावीकडून म्हशी रस्त्यावर चढत होत्या. म्हटलं, बघू तरी, आता बाबा स्वतःहून बोलतात का. ते शांतपणे समोर बघत राहिले. म्हशी त्यांच्या खिडकीपाशी आल्या तेव्हा मात्र मी घाबरून ब्रेक दाबला. बाबा काचेवर आपटता आपटता वाचले.

“काय झालं गं?”

“म्हशी, बाबा. तुम्हाला दिसल्या नाहीत?”

गाडी तिथेच उभी. गुराखी दोन शिव्या हासडून निघून गेला. मग बाबा म्हणाले, “वर्ष झालं. डावीकडचं काळंच होत चाललंय. बसवर क्लीनर सांगतो ना मला सगळं.”

“आणि तो नसला तर?”

“दोनच वर्षं राहिलीत गं रिटायरला. आईलासुद्धा बोललो नाहीये.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण बाबांच्या त्या मुठीत रोज बसभर माणसं होती. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी माया दाटून आली. गाडी मी हळूहळू चालवत घरी आणली.

सोमवारी सकाळी ते खाकी शर्ट घालून दारात उभे राहिले. मागे आई डबा घेऊन. पण त्यांचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. आमच्या घरात आजवर कुठली गोष्ट मला विचारून झाली नव्हती. माझं कॉलेजसुद्धा त्यांनीच ठरवलेलं. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “जाऊ का गं मी?”

मी हो म्हटलं असतं तर ते गेले असते. नाही म्हटलं तर त्यांच्या हातून बस माझ्यामुळे कायमची सुटणार होती, आणि बस सोडून बाबांना दुसरं काही येत नव्हतं.

“नका जाऊ, बाबा.”

“बरं. साहेबांना मीच सांगून येतो,” ते म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या शर्ट काढायला लागले. वरचं बटण निघेना. मी पुढे होऊन ते काढून दिलं.