डॉरथीकाकूंचं भांडं

विमानतळाकडे निघालेली टॅक्सी सांगलीतल्या आमच्या दारातून हलली, तरी आईचं बोलणं संपेना. खिडकीतून लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "कुणाचं भांडं आलं तर रिकामं परत करायचं नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची." अमेरिकेत मला भांडी कोण पाठवणार, असं मनात म्हणत मी मान डोलावली. डोळे मात्र कऱ्हाड येईपर्यंत पुसत होते.

माझ्या नवऱ्याची, सुनीलची, नोकरी मिशिगनमध्ये, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका प्लँटमध्ये होती. आई, तू शेजारणींना दाखवायचीस त्या फोटोंतली अमेरिका तिथून फार लांब. घराच्या तिन्ही बाजूंना मका, चौथीला रस्ता आणि दूध आणायचं तरी बारा मैलांवरचं गाव. गाडी एकच, ती सुनील घेऊन जायचा. मी मक्याकडे बघत शनिवारची वाट पाहायची. ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींनो, शनिवारी तुमच्याकडे यायचं म्हणजे पावभाजी, पत्ते आणि पोटभर मराठी!

२००८च्या उन्हाळ्यात पेट्रोल, म्हणजे इथला गॅस, गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. "पावभाजीसाठी दीड तास ड्राइव्ह? या वेळी कॅन्सल करू या यार," सुनील म्हणाला. पुढच्या शनिवारीही तेच. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

अशात तीन मैलांवरच्या डॉरथीकाकू उगवल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, जुनापुराणा पिकअप ट्रक स्वतः हाकणाऱ्या. काचेच्या भांड्यातून सफरचंदाचा केक घेऊन आल्या. मी त्याच भांड्यातून शिरा पाठवला. प्लँटला जाता जाता सुनील देऊन गेला. चार दिवसांत काकू भांड्यासकट पुन्हा दारात, आत झुकिनी या काकडीसारख्या भाजीचा गोड ब्रेड. मी नारळाच्या वड्या पाठवल्या, त्यांनी बिस्किटं आणली. काय जीव लावलाय बाईंनी, असं मला वाटायचं. त्या येतील म्हणून मी सकाळीच वेणीफणी करून तयार बसायची.

एक दिवस त्यांचा फोन आला. "हनी, रागावू नकोस. पण या वेळी भांडं रिकामंच पाठव."

"माझं काही बिघडलं का?"

"छे! पण भरलेलं आलं की मलाही काहीतरी बेक करावं लागतं. लोण्यासाठी गावात जावं लागतं आणि माझा ट्रक फार गॅस पितो. आता चर्च आणि डॉक्टर, एवढंच झेपतं मला."

फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहून रडले. भांडं रिकामं गेलं की येणंजाणं संपलं, आणि माझ्याकडे तेवढंच तर होतं. सांगलीला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग साखर घाल की! आणि स्वतः घेऊन जा. पाय आहेत ना?"

त्या रस्त्यावर कुणी चालत नाही. हातात भांडं घेतलेली बाई दिसली की जो तो गाडी थांबवून विचारायचा, गाडी बंद पडली का? सगळ्यांना थँक्यू म्हणत मी घामाघूम होऊन पोचले. काकूंनी झाकण उघडलं, तळाशी साखर बघितली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत. पण याच्या बदल्यात काही बेक करावं लागत नाही." त्या खो खो हसल्या आणि मग बाहीला डोळे पुसले. ती साखर आम्ही दोघींनी कॉफीत घालून प्यायली.

पुढे दर बुधवारी मी चालत जाऊ लागले. निघताना त्याही भांड्यात चिमूटभर साखर घालून द्यायच्या. हिवाळ्यात गॅस उतरला, ट्रॉयच्या शनिवारांना पुन्हा सुरुवात झाली, पण बुधवार मी सोडला नाही.

मग सुनीलला दूर पश्चिम किनाऱ्याकडे, फ्रीमाँटला नोकरी लागली. निघायच्या दिवशी काकूंनी गाडीच्या खिडकीतून ते भांडं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "रिकामं परत करू नकोस. आणि पोस्टाने तर मुळीच नको."

आई, तुझा लाडवांचा डबाही अजून माझ्याकडेच आहे. इथल्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गोंधळायची. आता ज्या दारात मला भांडं भरून परत न्यायचंय, ते माझं घर. अशी दोन दारं आहेत, दोन्ही लांब. पेट्रोलचं काय ते बघू.