पंखा मात्र चालू होता

त्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाच नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

विंडोज अठ्ठ्याण्णवच्या दिवसांत दौंडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शिरूरहून एक चाचा यायचे. त्यांचा लग्नपत्रिका छापायचा प्रेस होता. पत्रिकेभोवतीची नक्षी त्यांची मुलगी कॉम्प्युटरवर स्वतः काढायची. शेवंतीच्या वेली, मोगऱ्याचे गजरे. मशीन फार रेंगाळायला लागलं म्हणून चाचांनी ते चादरीत गुंडाळून एसटीनं आणलं आणि माझ्याकडं ठेवून गेले.

मी डीफ्रॅग लावलं. डिस्कवर इकडंतिकडं विखुरलेले फाइलींचे तुकडे ते शेजारी शेजारी आणून बसवतं. पडद्यावर नुसते बारीक चौकोन. एखादा लाल व्हायचा, उठायचा, दुसरीकडं जाऊन निळा होऊन बसायचा. मला ते बघायचं वेडच होतं. उन्हाळ्यातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, लांबून रेल्वेचे डबे जोडल्याचा आवाज. बघता बघता वाटायचं, आपल्याही आतलं काहीबाही असंच जागेवर लागतंय. डोळा लागला.

जाग आली तेव्हा वारा तसाच अंगावर येत होता. पडदा मात्र काळा. लाईट गेली होती, डीफ्रॅग अर्ध्यावरच तुटलं होतं. यूपीएसवर मी मशीनऐवजी टेबलफॅन लावला होता. उकडत होतं म्हणून.

लाईट आल्यावर मशीन सुरूच होईना. चाचांच्या मुलीची सगळी नक्षी गेली.

चाचा मुलीला घेऊन आले. मी म्हणालो, "व्हायरस होता, चाचा. बाहेरच्या फ्लॉपीतनं आला असंल."

चाचा तिच्याकडं वळले. "मैत्रिणीची फ्लॉपी तूच आणली व्हती ना?"

"त्यात निस्ती मेंदीची चित्रं व्हती, अब्बा!"

"मग आता मेंदीच काढीत बस. मशीनला हात लावायचा न्हाई परत."

ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हाच बोलता आलं असतं. मी स्क्रू घट्ट करत बसलो.

पुढं त्यांच्या प्रेसच्या पत्रिका हातात यायच्या, त्यांवर बाजारातली तयार चित्रं. एकदा धीर करून विचारलं, पोरगी काय करते?

"भिते ती मशीनला," चाचा हसले. "आता मीच बस म्हणतो, तर बसत न्हाई."

अजूनही दुपारी पंख्याखाली पडलो की मिटल्या डोळ्यांपुढं निळे चौकोन फिरतात, जागा शोधत.

चाचा आहेत, प्रेसही आहे. फ्लॉपी साफ होती, चूक माझी होती, हे त्यांच्यासमोर तिला सांगणं माझ्याकडून राहिलंय.