मांजरमिशीचा काढा

घरच्या औषधी बागांची स्पर्धा जावातल्या क्लातेन गावाजवळच्या एका गल्लीत दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी बू सुहार्ती जिंकायच्या. (तिकडे बाईंना 'बू' म्हणतात आणि पुरुषांना 'पाक'.) यंदा मात्र समोरच्या घरातल्या बू तुकिनेमना काहीही करून तो मान हवा होता. त्या झोपेतसुद्धा हळदीला पाणी घालत.

अडचण नवऱ्याची. पुढचं सगळं अंगण पाक ङादियोंच्या होल्यांच्या पिंजऱ्यांनी अडवलेलं.

"अहो, हलवा ना ते पिंजरे!"

"पाखरं रुसतात गं. गाणं बंद करतात."

"आणि मी रुसले तर?"

"तू गातेस कुठे?"

म्हणून बिचारीची बाग गेली मागे, संडासाच्या वाटेवर. न्हाणीच्या पाण्यावर आलं, कचोरा, हळद नुसती माजली होती. मांजरमिशीच्या झाडाला तर पांढऱ्या मिशांसारख्या फुलांचे झुबके आले होते. पण परीक्षकांना संडासाकडे नेणार कसं? त्यापेक्षा मेलेलं बरं!

मुख्य परीक्षक बू लेस्तारी आणि त्यांच्या दोन सोबतिणी सकाळीच गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून निघाल्या. घरोघरी मांजरमिशीचा गुण दाखवायला तिचाच काढा पुढे येत होता. मूत्रपिंड धुऊन निघतं म्हणतात. आणि पुढे केलेला पेला अर्धा ठेवला तर यजमानिणीचा अपमान. सुहार्तीबाईंनी तर आग्रहाने दोन-दोन पेले पाजले.

तुकिनेमबाईंचं घर शेवटचं. तिघी खुर्च्यांच्या कडेवर टेकल्या, पायावर पाय घट्ट, कपाळावर घाम. 'पडले चेहरे! हरले मी,' तुकिनेमबाईंना वाटलं. तरी रीत म्हणून त्यांनी काढा पुढे केला. बू लेस्तारींनी साप दिसावा तसं पेल्याकडे पाहिलं.

"बाई, तुमची... मागची बाजू बघता येईल?"

"मागे? छे हो, तिथे काय बघायचंय—"

"बघू द्या हो!"

संडास एक, परीक्षक तीन. एक आत गेली की बाहेरच्या दोघी जीव मुठीत धरून झाडं न्याहाळायच्या. मन दुसरीकडे लावायला प्रश्नांवर प्रश्न.

"हे कशाला?"

"खोकल्याला."

"आणि हे?"

"पोटफुगीला."

"हे?"

"ही मांजरमिशी. हिनं लघवीला—"

"कळलं, बाई! कळलं!"

संध्याकाळी निकाल लागला. पहिल्या आल्या तुकिनेमबाई! "ह्या बागेत जिवाला जो आराम पडला," बू लेस्तारी मनापासून म्हणाल्या, "तो गल्लीत दुसरीकडे कुठेच पडला नाही."

तुकिनेमबाई आनंदाने रडायलाच लागल्या. सुहार्तीबाई रीतीप्रमाणे गोड हसत पुढे आल्या, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि कानाशी लागून म्हणाल्या, "काढा पाजून पाजून हात मोडले आमचे, आणि बक्षीस तुमच्या संडासाला!"