थेंबबाईंचे जळालेले रोल

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं एक बाई मदतनीस होत्या. बाटल्या धुवायच्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, परीक्षानळ्या मोजून ठेवायच्या आणि मुलांच्या हाती आम्ल देताना "एक थेंब, दुसरा नाही" असं बजावायचं, हे त्यांचं काम. मुलांनी त्यांचं नाव थेंबबाई ठेवलं. ते इतकं रुळलं की एकदा मुख्याध्यापकांनी नोटिशीतही तेच लिहिलं. बाई रागावल्या नाहीत. राग त्या नणंदेसाठी राखून ठेवत असाव्यात.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. लग्न केलं नव्हतं. वडिलांचा फोटो स्टुडिओ त्याच चालवायच्या, आणि रंगीत रोल धुणारं मशीन आसपासच्या चार गावांत फक्त त्यांच्याकडे उरलं होतं. कामाला चोख, जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकाने हनुवटी जरा वर केली तरी "तुम्ही फोटो काढायला आलात की दाढी करायला?" असं विचारायच्या.

दोघींचं आधीपासून फार गूळपीठ होतं असं नाही, पण विस्तव जाईनासा झाला तो कॅमेऱ्यापायी. सासरे शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. आक्कांना स्टुडिओ सोडता येत नव्हता, म्हणून त्यांची अंघोळ, औषधं, कूस बदलणं हे सगळं थेंबबाईंनी शाळा सांभाळून केलं. जाण्याच्या आठवडाभर आधी म्हाताऱ्यांनी कपाटातला आपला कॅमेरा काढायला लावला आणि सुनेच्या हातात दिला. का दिला ते सांगितलं नाही. आक्का तेव्हा दारातच उभ्या होत्या. चौदाव्या वर्षापासून वडिलांच्या अंधाऱ्या खोलीत औषधांनी बोटं पिवळी करून घेतलेली मुलगी ती. त्या चपला घालून स्टुडिओत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी भावजयीला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

थेंबबाईंनी तोवर आयुष्यात एकही फोटो काढलेला नव्हता. सासऱ्यांना जाऊन वर्ष झाल्यावर त्यांनी एक रोल भरला, छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले आणि नणंदेकडे धुवायला दिले, कारण दुसरीकडे देण्याची सोयच नव्हती. फोटो वाईट आले. चेहरे चिखलात बुडवून काढल्यासारखे, सावल्यांत नुसता दाणेदार काळोख. आक्कांनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "माकडाच्या हाती कोलीत दिलं की असंच होतं."

बाईंनी पाकीट उचललं आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आणलं. मी शेजारच्या वर्गात रसायन शिकवायचो, म्हणून मला दाखवलं. छत्तिसांत एकच फोटो बरा होता, जिन्यात बसलेल्या मांजराचा. तो काढताना त्या उजेड कमी-जास्त करायची चकती फिरवायला विसरल्या होत्या आणि हवा त्यापेक्षा जास्त उजेड आत गेला होता. त्या मला म्हणाल्या, "चुकलं तेवढंच चांगलं आलंय. मग मुद्दाम चुकून बघायला हवं. पण किती चुकायचं?"

तुमच्या-माझ्यासारख्याने अंदाजपंचे दहा-बारा फोटो काढले असते. त्यांनी वही घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वर्षानुवर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या. उजेड मध्येच पालटू नये म्हणून पूर्ण ढगाळ दिवस निवडला. नवऱ्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, मांडीवर पाटी दिली आणि पाटीवर खडूने आकडा लिहिला. शून्य म्हणजे कॅमेरा सांगेल तेवढा उजेड. एक म्हणजे त्याच्या दुप्पट, दोन म्हणजे चौपट, असं प्रत्येक पायरीला दुप्पट करत पाचपर्यंत. मग तेच अंगणातल्या भिंतीपाशी, तेच जिन्याखाली. नवरा बिचारा सकाळभर पाटी धरून बसला. बायको आणि बहीण या दोघींच्या मध्ये मृदंगासारखी दोन्हीकडून थाप खायची त्याला सवय होती. त्याने फक्त एवढंच विचारलं, की अटक झालेल्या माणसाचे फोटो असेच काढतात ना?

रोल आक्कांकडे गेला. चार दिवसांनी पाकीट परत आलं. वर लाल पेनाने लिहिलेलं, "जळालेला रोल". आत फक्त निगेटिव्हच्या पट्ट्या. जास्त उजेड गेला की निगेटिव्ह दाट होते, आणि शेवटच्या पायऱ्यांच्या चौकटी तर काळ्याकुट्ट दिसत होत्या. बाई स्टुडिओत गेल्या आणि तरीही छापून द्या म्हणाल्या. आक्का मान वर न करता म्हणाल्या, की असला कचरा माझ्या मशीनमधून बाहेर पडणार नाही, बाबांचं नाव आहे स्टुडिओच्या पाटीवर. बाईंना झोंबलं ते वेगळंच. सासऱ्यांना त्याही बाबाच म्हणायच्या, आणि आक्कांनी 'बाबांचं' हा शब्द असा उच्चारला होता की जणू दार लावून घेतलं.

मग त्यांनी त्या पट्ट्या टपालाने दूरच्या एका शहरात छापायला पाठवल्या. तीन आठवड्यांनी फोटो आले तेव्हा आम्ही ते प्रयोगशाळेच्या टेबलावर ओळीने मांडले. शून्याच्या फोटोत डोळ्यांखाली काळी खोबण होती. एकला ती उजळली. दोन आणि तीनला नवऱ्याच्या गालावरचा रंग धुतलेल्या सुती कापडासारखा मऊ झाला आणि जिन्याखालच्या अंधारातली बादलीसुद्धा दिसू लागली. चारला शर्ट उडू लागला, म्हणजे नुसता पांढरा दिसू लागला. पाचला भिंत हिरवट पडली आणि कपाळ नुसतं पिठूळ झालं. बाईंनी वहीत लिहिलं: तीन पुरे. पुढे बिघाड.

इथे थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या तेच फोटो घेऊन भर दुपारी स्टुडिओत गेल्या आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर पसरले. आक्कांनी चष्मा लावून एकेक पाहिला. वेळ लावला. मग म्हणाल्या, "छापणाऱ्याने तुझं पाप झाकलंय. काळ्या निगेटिव्हवर मरमर मेहनत त्याने केली, आणि मिरवायला आलीस तू."

यात तथ्य होतं. बाईंनी ते कधीच कबूल केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेची जुनी इमारत पाडायचं ठरलं. पाडण्याच्या आधी बाईंनी प्रयोगशाळेचा अख्खा रोल काढला. पांढऱ्या फरशांची टेबलं, आम्लाचे डाग, तोट्या, खिडक्यांच्या गजांची सावली, सगळं तीन पायऱ्या जास्त उजेड देऊन. टपालात गहाळ होईल या भीतीने तो रोल धुवायला आक्कांकडेच दिला. आठवड्याने मी ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुडिओत बसलो होतो, तेव्हा बाई रोल न्यायला आल्या. इमारत तोवर जमीनदोस्त झाली होती.

"कोरा आहे," आक्का म्हणाल्या.

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्या ओरडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही केलंत हे. मला माहीत होतं तुम्ही एक दिवस हे करणार. कॅमेरा मिळाला नाही म्हणून रोल नासवलात."

स्टुडिओत आम्ही चौघंजण होतो. आक्का आत गेल्या, अख्खी पट्टी न कापता घेऊन आल्या आणि दिव्यासमोर धरली. पट्टीच्या कडेला कंपनीचे छापील आकडे एकापासून छत्तिसापर्यंत स्वच्छ उठलेले होते. मधली जागा कोरी, नारिंगी काचेसारखी साफ.

"आकडे दिसतात? औषध बिघडलं असतं तर हेही उठले नसते. उजेड लागला असता तर सगळं काळं झालं असतं. ही फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही. फिल्म सरकली की डावीकडचं बटण आपोआप फिरतं. फोटो काढताना ते फिरत होतं का?"

बाई पट्टीवरचे आकडे मोजू लागल्या.

"तू बघितलंस का ते? फिल्म अडकली की नाही, हे पहिल्यांदा बघायचं असतं. बाबांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं." मग पट्टीची गुंडाळी करत म्हणाल्या, "तुझं तोंड बघावंसं वाटत नाही मला. पण कुणाचा रोल मी आजवर नासवला नाही. तुझाही नासवणार नाही."

बाईंनी गुंडाळी घेतली आणि बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी नव्या इमारतीत बाटल्या लावताना मला म्हणाल्या, की छत्तीस वेळा कळ दाबली आणि एकदाही त्या बटणाकडे पाहिलं नाही. मुलाने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी विचारलं, माफी मागणार का. म्हणाल्या, "चूक माझी होती. माफी मागण्याइतकी बाई ती नाही."

माफी मागितली नाहीच. पण त्या दिवसानंतर रोल दुसरीकडे पाठवणंही बंद केलं. रोल आक्कांकडे जायचा, नवऱ्याच्या हाताने. आक्का धुवायच्या, आणि आता छापायच्याही, एकेक दाट निगेटिव्ह हाताने सांभाळून. पाकिटावर लाल पेनाने शेरा असायचा: "भिंत उडाली." "सातवा अडीच पायऱ्यांत भागला असता." "हा ठीक." अशी नऊ वर्षं गेली. बाईंच्या वह्या चार झाल्या. जिन्याखालच्या, पडवीतल्या, सावलीत बसलेल्या माणसांचे त्यांचे फोटो ज्यांनी पाहिले ते अजून आठवण काढतात. आक्कांनी त्यातला एकही दर्शनी काचेत लावला नाही. लोक विचारायचे तेव्हा सांगायच्या, की इथे फक्त बाबांचं आणि माझं काम लागतं.

मागच्या वर्षी मशीनला लागणारी औषधं मिळेनाशी झाली. आक्कांनी भावाकडून निरोप धाडला, की शनिवारी मशीन बंद करणार, काही उरलं असेल तर आणून दे. 'दे' कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं. बाई या खेपेला स्वतः गेल्या. तीन रोल ठेवले आणि बाकावर बसून राहिल्या. दुपार सरली. तरी त्या उठल्या नाहीत, असं नवरा सांगतो. शेवटी आक्का ओल्या पट्ट्या टांगून बाहेर आल्या.

"तिसऱ्यात पाच पायऱ्या कशाला दिल्यास? पाचला बिघडतं, तुलाच माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "वेगळ्या कंपनीची फिल्म होती. बघायचं होतं."

"मग बघ," आक्का म्हणाल्या, आणि मशीनचं बटण बंद करायला आत गेल्या.